सूचना पाठवायची कशावरून: जुना ईमेल-एसएमएस की नवं व्हॉट्सॲप चॅनेल?

२७ एप्रिल २०२३ रोजी न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाहतूक प्राधिकरणाने, म्हणजे 'एमटीए'ने, एक घोषणा केली. मेट्रो आणि बसच्या खोळंब्याची ताजी माहिती यापुढे ट्विटरवर दिली जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं. कोणती गाडी उशिरा धावतेय आणि कोणता मार्ग बंद आहे हे बघायला तिथले लाखो प्रवासी वर्षानुवर्षं ट्विटर उघडत होते.

मग अडचण कुठे आली? त्या वर्षी ट्विटरने आपली 'एपीआय' सेवा, म्हणजे एखाद्या संस्थेच्या संगणकाला आपोआप पोस्ट टाकू देणारी सोय, फुकट द्यायचं बंद केलं. एमटीएला महिन्याला ५० हजार डॉलर मोजावे लागतील, अशा बातम्या आल्या. त्यातच आधीच्या दोन आठवड्यांत ही सोय दोनदा अचानक बंद पडली होती. उद्या चालेल की नाही याची खात्री नसलेल्या जागेवर प्रवाशांना विसंबून ठेवायचं नाही, असं एमटीएने ठरवलं.

आठवडाभरात ट्विटरने माघार घेतली. सरकारी आणि सार्वजनिक सेवांना हवामान, वाहतूक आणि आपत्तीच्या सूचना फुकट टाकता येतील असं जाहीर केलं आणि एमटीए परतली. मधल्या दिवसांत मात्र एक गोष्ट लक्षात आली. ज्या प्रवाशांनी एमटीएच्या ईमेल किंवा एसएमएस सूचनांसाठी नाव नोंदवलं होतं, त्यांचं काहीच अडलं नव्हतं.

हा प्रश्न आपल्याकडेही रोज येतो. सोसायटीत पाणी येणार नाही हे कळवायचंय. क्लासची वेळ बदललीय. दुकानात नवा माल आलाय. तुम्ही ब्लॉग लिहिता, पॉडकास्ट करता किंवा गावाच्या बातम्या देता. लोकांना कळवायचं कशावरून? ईमेल, एसएमएस, आरएसएस यांसारखी जुनी खुली तंत्रज्ञानं वापरायची, की व्हॉट्सॲप चॅनेल, टेलिग्राम, इन्स्टाग्राम, एक्स यांसारखे नवे प्लॅटफॉर्म?

थोडक्यात उत्तर

• लोक प्लॅटफॉर्मवर आहेत, त्यामुळे तिथे असणं गरजेचं आहे.
• पण तिथल्या फॉलोअर्सची यादी तुमच्या हातात नसते. प्लॅटफॉर्मने नियम बदलले किंवा तो बंद पडला, तर यादीही गेली.
• ईमेल आणि आरएसएसमध्ये लोक कमी मिळतात, पण जे मिळतात ते तुमच्यासोबत राहतात.
• म्हणून मूळ सूचना आणि संपर्काची यादी स्वतःकडे ठेवावी आणि प्रसारासाठी प्लॅटफॉर्म वापरावा.

आता हे सविस्तर पाहू.

'खुलं' तंत्रज्ञान म्हणजे काय?

ज्या तंत्रज्ञानाचे नियम सगळ्यांसाठी जाहीर असतात, कोणीही ते वापरून स्वतःची सेवा उभी करू शकतो आणि ज्याला एक मालक नसतो, ते खुलं तंत्रज्ञान.

सोपं उदाहरण ईमेलचं. तुमचा पत्ता जीमेलचा, माझा याहूचा आणि ऑफिसचा तिसऱ्याच कंपनीचा असला, तरी मेल पोहोचतो. कारण ईमेल पाठवण्याचे नियम, ज्यांना 'एसएमटीपी' म्हणतात, ते ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहून जाहीर केले. पुढे त्यांत भर पडत गेली, पण पाया तोच राहिला.

आता व्हॉट्सॲपवरून टेलिग्रामवर मेसेज पाठवून बघा. जाणार नाही. दोन्ही ॲप एकाच फोनमध्ये शेजारी-शेजारी बसलेली असली, तरी त्यांच्यात भिंत आहे. हा बंद प्लॅटफॉर्म. तो चांगला असू शकतो, सोपा असू शकतो, पण त्याचे नियम एकच कंपनी ठरवते.

ईमेल: कंटाळवाणा पण टिकाऊ

ईमेलचा सर्वात मोठा फायदा म्हणजे यादी तुमची असते. ५०० लोकांनी तुम्हाला ईमेल पत्ता दिला असेल, तर ती एक साधी एक्सेल फाइल आहे. आज एका कंपनीकडून न्यूजलेटर पाठवता, उद्या तिने दर वाढवले, तर तीच फाइल घेऊन दुसऱ्या कंपनीकडे जाता. वाचकाला काहीही करावं लागत नाही. सबस्टॅकसारख्या न्यूजलेटर प्लॅटफॉर्मवरही सदस्यांची यादी उतरवून घेता येते. म्हणजे प्लॅटफॉर्म नवा असला तरी बाहेर पडायचं दार उघडं असू शकतं.

दुसरा फायदा म्हणजे नोंद राहते. सहा महिन्यांपूर्वीची सूचना शोधायची असेल, तर मेलमध्ये एका शब्दावर सापडते.

तोटेही आहेत. आपल्याकडे अनेकांचा ईमेल पत्ता फक्त फोन सुरू करण्यापुरता असतो. तो ते उघडतही नाहीत. मेल स्पॅममध्ये किंवा जीमेलच्या 'प्रमोशन्स' विभागात जाऊ शकतो. आणि खुलं असलं तरी इथेही मोठ्या कंपन्यांचं वजन आहेच. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला ५ हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. पाठवणारा खरा आहे हे तांत्रिक पद्धतीने सिद्ध करावं लागतं आणि प्रचाराच्या मेलमध्ये एका क्लिकवर 'नको' म्हणायची सोय द्यावी लागते. वाचकाच्या बाजूने बघितलं तर हे चांगलंच आहे, पण पाठवणाऱ्याचं काम वाढलं.

एक व्यावहारिक सूचना: साध्या मेलमधून अनेकांना कळवत असाल, तर सगळे पत्ते 'टू'मध्ये टाकू नका, 'बीसीसी'मध्ये टाका. नाहीतर प्रत्येकाचा पत्ता प्रत्येकाला दिसतो.

आरएसएस: विस्मरणात गेलेली पण चालू असलेली सोय

इथे आरएसएस म्हणजे संघटना नव्हे. 'रिअली सिंपल सिंडिकेशन' या तंत्रज्ञानाचं हे संक्षिप्त नाव.

कल्पना अगदी साधी आहे. वेबसाइट आपल्या नव्या मजकुराची एक यादी ठरावीक पद्धतीने एका फाइलमध्ये ठेवते. या फाइलला 'फीड' म्हणतात. तुमच्या फोनमधलं रीडर ॲप ती फाइल थोड्या-थोड्या वेळाने तपासतं आणि नवीन काही आलं की दाखवतं. नोंदणी नाही, ईमेल पत्ता द्यायचा नाही, फोन नंबर नाही. मध्ये कोणता अल्गोरिदमही नाही. जे आधी प्रकाशित झालं ते आधी, इतकाच क्रम.

याची पहिली आवृत्ती नेटस्केप या कंपनीत १९९९ मध्ये तयार झाली. ती बनवणाऱ्यांत डॅन लिबी यांच्यासोबत रामनाथन गुहा हे आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले भारतीय वंशाचे संगणकतज्ज्ञ होते. २००२ मध्ये आरएसएस २.० ही आवृत्ती आली आणि ब्लॉगच्या जमान्यात हे तंत्रज्ञान पसरलं.

मग गेलं कुठे? बहुतेक लोक फीड वाचायला गुगल रीडर वापरत होते. १ जुलै २०१३ रोजी गुगलने ते बंद केलं. त्याच वर्षी ट्विटरनेही आपल्या खात्यांची आरएसएस फीड देणं थांबवलं. लोकांना वाटलं आरएसएस संपलं. प्रत्यक्षात एक लोकप्रिय ॲप बंद झालं होतं, तंत्रज्ञान तसंच होतं.

आजही पॉडकास्टचं जग आरएसएसवरच उभं आहे. तुम्ही एखादा पॉडकास्ट एका ॲपवर ऐकता, तुमचा मित्र दुसऱ्या ॲपवर, तरी नवा भाग दोघांना मिळतो. कारण दोन्ही ॲप एकच फीड वाचतात. २०२४ मध्ये गुगलने 'गुगल पॉडकास्ट्स' हे ॲप बंद केलं, तेव्हा श्रोत्यांना आपल्या सगळ्या पॉडकास्टची यादी एका छोट्या फाइलमध्ये उतरवून दुसऱ्या ॲपमध्ये नेता आली. पॉडकास्ट करणाऱ्यांनाही नवीन श्रोते शोधत बसावं लागलं नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्याच देशातलं आहे. 'कू' हे भारतीय सोशल मीडिया ॲप २०२० मध्ये आलं. मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते चालत होतं. मंत्री, सरकारी खाती, कलाकार तिथे होते. जुलै २०२४ मध्ये ते बंद करत असल्याचं संस्थापकांनी जाहीर केलं. तिथे जमवलेले फॉलोअर्स दुसऱ्या ॲपवर उचलून नेण्याची कोणतीही वाट नव्हती. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, तेव्हा टिकटॉकवरच्या मराठी कलाकारांचंही हेच झालं होतं. एका रात्रीत सगळी माणसं गेली आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली.

आरएसएसची मोठी कमतरता म्हणजे सामान्य माणसाला ते माहीत नाही. 'फीड सबस्क्राइब करा' असं सांगितलं तर दहातल्या नऊ जणांना ते समजणार नाही. शिवाय किती लोक वाचतात हे नीट मोजता येत नाही.

एसएमएस: सगळ्यांपर्यंत, पण मोजून-मापून

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये नील पॅपवर्थ यांनी पाठवला. 'मेरी ख्रिसमस' एवढाच मजकूर होता. आज तीस वर्षांनंतरही बँकेचा ओटीपी यावरूनच येतो. कारण एसएमएसला इंटरनेट लागत नाही, स्मार्टफोन लागत नाही, ॲप लागत नाही. आजोबांच्या साध्या बटणाच्या फोनवरही तो पोहोचतो.

पण मराठीत एक अडचण आहे. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० चिन्हं बसतात. देवनागरी लिहिताच ही मर्यादा सहसा ७० वर येते. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे प्रत्येक वेगळं चिन्ह म्हणून मोजलं जातं. हे वाक्य बघा: 'उद्या सकाळी १० ते दुपारी २ पाणीपुरवठा बंद राहील. पाणी भरून ठेवावे.' मोकळ्या जागा धरून यात ६६ चिन्हं होतात. पुढे सोसायटीचं नाव लिहिलं, की दुसऱ्या एसएमएसचे पैसे सुरू.

पैशांसोबत कागदपत्रंही आहेत. भारतात मोठ्या संख्येने एसएमएस पाठवायचे असतील, तर 'ट्राय'च्या २०१८ च्या नियमांनुसार संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या नमुन्याची आधी नोंदणी करावी लागते. याला 'डीएलटी' नोंदणी म्हणतात. मार्च २०२१ मध्ये कंपन्यांनी न नोंदवलेले मेसेज अडवायला सुरुवात केली, तेव्हा देशभर ओटीपी अडकले आणि ट्रायला ही अंमलबजावणी आठवडाभर थांबवावी लागली.

याचा अर्थ असा, की जुनं तंत्रज्ञान म्हणजे आपोआप मोकळं तंत्रज्ञान असं नसतं. एसएमएसचे तांत्रिक नियम जाहीर आहेत, पण दार टेलिकॉम कंपन्या आणि सरकारी नियमांच्या ताब्यात आहे. फसवणुकीचे मेसेज बघता ही तपासणी गरजेचीही आहे. फक्त ४० घरांच्या सोसायटीला हा खटाटोप परवडत नाही.

आपत्तीसाठी वेगळी यंत्रणा

२०२३ मध्ये तुमचा फोन अचानक मोठ्याने वाजून पडद्यावर सरकारी चाचणीचा मेसेज आला होता, आठवतंय? तो साधा एसएमएस नव्हता. त्याला 'सेल ब्रॉडकास्ट' म्हणतात. यात पाठवणाऱ्याला कोणाचाही नंबर लागत नाही. ठरलेल्या भागातले मोबाइल टॉवर त्यांच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकाच वेळी सूचना देतात.

या सरकारी इशाऱ्यांमागे 'सचेत' ही यंत्रणा आहे. ती 'सी-डॉट' या सरकारी संस्थेने बनवली आहे आणि 'कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल' या खुल्या पद्धतीवर चालते. ही पद्धत २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली. हवामान खात्याने वादळाचा इशारा एकदा या पद्धतीने लिहिला, की तोच इशारा एसएमएस, ॲप, वेबसाइट अशा अनेक वाटांनी जाऊ शकतो. इशारा एकदाच लिहायचा आणि वाटा अनेक ठेवायच्या, ही गोष्ट लक्षात ठेवा. लेखाच्या शेवटी ती आपल्यालाही उपयोगी पडणार आहे.

पुश नोटिफिकेशन: मध्ये कोण उभं असतं?

फोनच्या वरच्या भागात जी पट्टी येते ते पुश नोटिफिकेशन. ॲपलने ही सोय २००९ मध्ये आयफोनवर सर्व ॲपसाठी खुली केली. गुगलने २०१० मध्ये अँड्रॉइडवर आणली.

बहुतेकांना वाटतं, की ॲप थेट आपल्या फोनला सूचना पाठवतं. तसं होत नाही. प्रत्येक ॲपने स्वतःचा संपर्क सतत चालू ठेवला, तर बॅटरी दुपारपर्यंत संपेल. म्हणून फोन एकच संपर्क कायम ठेवतो: आयफोन ॲपलच्या सर्व्हरशी आणि बहुतेक अँड्रॉइड फोन गुगलच्या सर्व्हरशी. सगळ्या ॲपच्या सूचना त्याच वाटेने येतात. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकन सिनेटर रॉन वायडन यांनी एक पत्र जाहीर केलं. या सर्व्हरवरच्या नोटिफिकेशनच्या नोंदी सरकारं ॲपल आणि गुगलकडून मागत असल्याचं त्यामुळे लोकांसमोर आलं.

यातही एक खुला प्रकार आहे, 'वेब पुश'. वेबसाइट ब्राउझरमधूनच नोटिफिकेशन पाठवते, वेगळं ॲप लागत नाही. त्याचे नियम २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. आयफोनवर मात्र ही सोय मार्च २०२३ मध्ये आली आणि तीही वेबसाइट होम स्क्रीनवर जोडली तरच.

वेब पुशचं नाव लोकांनीच खराब केलं. साइट उघडताक्षणी 'अलाउ करता का?' विचारणारी चौकट सगळ्यांनीच लावली, त्यामुळे वाचकाला न वाचताच 'नाही' दाबायची सवय लागली. सूचना मागायची वेळही महत्त्वाची असते. आधी काहीतरी उपयोगाचं द्या, मग विचारा.

व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम: माणसं इथेच आहेत

आता नव्यांची बाजू. ती भक्कम आहे.

व्हॉट्सॲप शिकवावं लागत नाही. देवनागरीला ७० चिन्हांची मर्यादा नाही. फोटो, आवाज, पीडीएफ, नकाशा सगळं जातं. खर्च जवळपास नाही. वाचता न येणाऱ्या आजीला आवाजातला निरोप पाठवता येतो, हे ईमेल किंवा एसएमएसला कधीच इतक्या सहज जमलं नाही.

पण व्हॉट्सॲपच्या आतही निवड करावी लागते.

• ग्रुप: सगळ्यांना एकमेकांचे नंबर दिसतात. 'गुड मॉर्निंग'च्या गर्दीत पाण्याची सूचना हरवते. फक्त ॲडमिनने लिहायचं, अशी सेटिंग करता येते.
• ब्रॉडकास्ट लिस्ट: प्रत्येकाला वेगळा मेसेज जातो. पण एका यादीत जास्तीत जास्त २५६ जण आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मिळतो. 'मला मेसेज आलाच नाही' या तक्रारीचं कारण बहुतेकदा हेच असतं.
• चॅनेल: भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालं. कितीही लोक फॉलो करू शकतात. अनोळखी फॉलोअरचा नंबर ॲडमिनला दिसत नाही. वाचकाच्या खासगीपणासाठी हे उत्तम, पण यामुळेच तुमच्याकडे यादी तयार होत नाही. शिवाय फॉलो केलं म्हणजे नोटिफिकेशन येईलच असं नाही. वाचकाला घंटीच्या चिन्हावर जाऊन ते चालू करावं लागतं.
• व्यवसायांसाठीची अधिकृत सेवा: मजकुराचा नमुना आधी मंजूर करून आणि दर मोजून मेसेज पाठवता येतात. बँका आणि विमान कंपन्या वापरतात.

टेलिग्रामची चॅनेल्स २०१५ पासून आहेत. सदस्यसंख्येला मर्यादा नाही, जुना मजकूर शोधता येतो आणि सार्वजनिक चॅनेल ॲप नसतानाही ब्राउझरमध्ये वाचता येतं. सदस्य मात्र दुसरीकडे नेता येत नाहीत.

एकाच टोपलीत सगळी अंडी ठेवली तर काय होतं, हे ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री भारतीयांनी पाहिलं. फेसबुकच्या आतल्या नेटवर्कमध्ये देखभालीच्या कामात चूक झाली आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप तिन्ही सुमारे सहा तास बंद पडली. ज्यांचा पर्यायी मार्गही त्याच कंपनीचा होता, त्यांच्याकडे पर्यायच उरला नाही. त्या रात्री ईमेल आणि एसएमएस चालू होते.

खुलं कायम खुलं राहतं का?

नाही. गुगलने २००५ मध्ये 'गुगल टॉक' ही चॅटसेवा सुरू केली तेव्हा ती 'एक्सएमपीपी' या खुल्या पद्धतीवर होती. वेगळ्या कंपनीच्या सर्व्हरवरचे लोकही तिच्याशी बोलू शकत. २०१३ मध्ये तिची जागा 'हँगआउट्स'ने घेतली आणि दुसऱ्या सर्व्हरशी बोलण्याची सोय गेली. खुद्द व्हॉट्सॲपनेही सुरुवातीला याच खुल्या पद्धतीवर चालणारं सॉफ्टवेअर घेऊन, त्यात बदल करून आपली सेवा उभी केली. बाहेरच्यांसाठी दार मात्र ठेवलं नाही.

उलट दिशेनेही प्रयत्न होतात. २०१८ मध्ये 'ॲक्टिव्हिटीपब' हे सोशल मीडियासाठीचं खुलं मानक आलं. मॅस्टोडॉन त्यावर चालतं. तिथे तुम्ही एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना फॉलोअर्स सोबत नेऊ शकता. मराठी माणसं तिथे अजून फारशी नाहीत, ही त्याची मर्यादा.

म्हणून जुनं आणि नवं यापेक्षा चार प्रश्न विचारणं जास्त उपयोगाचं ठरतं:

१. यादी कोणाकडे आहे? उद्या ही सेवा सोडली तर लोकांचे पत्ते सोबत येतील का?
२. मध्ये कोण उभं आहे? तो दर, नियम किंवा क्रम बदलू शकतो का?
३. ज्याला कळवायचंय तो माणूस तिथे आहे का? सगळं खुलं आहे पण वाचणारं कोणी नाही, तर काय उपयोग?
४. सूचना चुकली तर काय बिघडेल? सेलची जाहिरात चुकली तर चालतं. पुराचा इशारा चुकला तर चालत नाही.

कोणी काय निवडावं?

हाउसिंग सोसायटी: रोजच्यासाठी फक्त ॲडमिन लिहितील असा व्हॉट्सॲप ग्रुप. सभेची नोटीस, हिशेब, ठराव यांसाठी ईमेलही, कारण वर्षभराने वाद झाला तर नोंद लागते. ज्येष्ठ आणि साधा फोन असलेल्यांची वेगळी छोटी यादी करून त्यांना फोन किंवा एसएमएस. गेटवरचा फळाही काढू नका. तो कधी डाउन होत नाही.

शाळा किंवा क्लास: रोजची सूचना चॅनेलवर किंवा ग्रुपवर. परीक्षा रद्द होणं किंवा सुट्टी लवकर होणं यासाठी एसएमएसचा खर्च करावा. प्रवेश घेतानाच पालकांचा नंबर आणि ईमेल दोन्ही घ्यावेत.

लेखक, पॉडकास्टर, स्थानिक बातम्या देणारे: सर्वात जास्त धोका यांनाच. स्वतःची वेबसाइट, तिचं आरएसएस फीड आणि ईमेल न्यूजलेटर हा पाया. वर्डप्रेससारख्या साधनांत फीड आपोआप तयार होतं, वेगळं काही करावं लागत नाही. इन्स्टाग्राम, एक्स, व्हॉट्सॲप चॅनेल इथून लोकांना पायाकडे आणायचं.

छोटे व्यावसायिक: ग्राहक व्हॉट्सॲपवर आहे, तिथेच बोला. पण बिल करताना ग्राहकाची परवानगी घेऊन नाव-नंबर तुमच्या वहीत किंवा फाइलमध्ये नोंदवा. उद्या खातं बंद झालं तरी ग्राहक हातातून जाणार नाही.

नगरपालिका, वाहतूक, वीज-पाणी: एकाही खासगी प्लॅटफॉर्मवर विसंबून राहू नये. स्वतःची वेबसाइट आणि खुलं फीड ही अधिकृत जागा असावी. सोशल मीडिया ही तिची प्रत.

एक जबाबदारी सगळ्यांची आहे. यादी तुमच्याकडे असणं म्हणजे लोकांची खासगी माहिती तुमच्याकडे असणं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीला महत्त्व दिलं आहे. ज्या कामासाठी नंबर घेतला त्याच कामासाठी वापरा, कोणी 'नको' म्हटलं तर लगेच काढा आणि यादी कोणालाही 'फॉरवर्ड' करू नका.

दोन्ही एकत्र कसं वापरायचं?

'सचेत'चं सूत्र आठवा: एकदा लिहायचं, अनेक वाटांनी पाठवायचं.

आधी सूचना स्वतःच्या जागेवर लिहा. वेबसाइट नसेल तर फुकटचा ब्लॉगही चालेल, फक्त त्याला आरएसएस फीड हवं आणि मजकूर उतरवून घेण्याची सोय हवी. मग त्या पानाची लिंक आणि दोन ओळींचा सारांश चॅनेलवर, ग्रुपवर, इन्स्टाग्रामवर टाका. आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा सगळ्याचा मिळून एक मेल पाठवा. प्रत्येक ठिकाणी एक ओळ ठेवा: 'हे ॲप बंद पडलं तर आम्ही इथे भेटू' आणि पुढे वेबसाइटचा पत्ता. दर तीन महिन्यांनी ईमेलची यादी उतरवून दोन ठिकाणी जपून ठेवा.

तुम्ही फक्त वाचक असाल तर?

• ज्यांचा मजकूर चुकवायचा नाही त्यांचं न्यूजलेटर घ्या. केवळ 'फॉलो' केल्याने पोस्ट दिसेलच असं नाही.
• फोनमध्ये एक आरएसएस रीडर टाकून बघा. अनेक न्यूज साइट, ब्लॉग, यूट्यूब चॅनेल यांना आजही फीड आहे. रीडरमध्ये साइटचा पत्ता टाकला की बऱ्याचदा ते आपोआप सापडतं.
• महत्त्वाच्या व्हॉट्सॲप चॅनेलची घंटी चालू करा, बाकीच्यांची बंद ठेवा.
• एसएमएसमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाचा शेवट बघा. २०२५ पासून तिथे पी म्हणजे प्रचार, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार आणि जी म्हणजे सरकारी, अशी खूण असते.
• आपत्तीच्या इशाऱ्यासाठी फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर विसंबू नका. 'सचेत'चं ॲप किंवा वेबसाइट बघा. विजांच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे.

शेवटी एक छोटी परीक्षा. तुम्ही रोज ज्या ॲपवरून लोकांना कळवता, ते उद्या सकाळी उघडलंच नाही असं समजा. तुमच्या पहिल्या वीस माणसांपर्यंत तुम्ही दुपारपर्यंत कसे पोहोचाल? उत्तर लगेच सुचलं, तर तुमची व्यवस्था ठीक आहे. सुचलं नाही, तर आज संध्याकाळी बसून त्या वीस जणांचे नंबर आणि ईमेल एका कागदावर लिहून काढा. सुरुवात तिथूनच होते.